राणीचा हेल

माझ्या आईचं नाव कडूबाई. तिच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आजीनं हिचं नाव कडू ठेवलं. नाव कडू असलं की यम तोंड लावत नाही, अशी आमच्याकडची समजूत. ती खरी ठरली. यंदा आईला त्र्याहत्तरावं लागलंय, दात शाबूत आहेत आणि भोकरदनच्या पलीकडे खामगव्हाणात तिचा आवाज अजून चार गल्ल्यांत ऐकू जातो. तिला खरा घाव बसला तो माझ्याकडून. तो कसा बसला हे सांगायला मी बसले आहे. सांगताना स्वतःला सोडायचं नाही, एवढं ठरवलंय.

मी डॉ. उज्ज्वला सोनुने. पुण्यात प्राकृत शिकवते. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या राज्यात लोक जी भाषा बोलत, ती आपल्या मराठीची आजी. माझ्या वर्गात कधी सात मुलं असायची, कधी तीन. माझा विषय कुणाच्या कामाचा नाही हे मी पंचवीस वर्षं हसून ऐकत आले होते. मग परदेशातल्या त्या मालिका आल्या. रोमन सैनिक लॅटिनमध्ये शिव्या देतायत, रोमन आया लॅटिनमध्ये मुलांना जेवायला हाका मारतायत, आणि आपले लोक खाली मराठी अक्षरं वाचत ते मन लावून पाहतायत. ती गोडी एकदा लागल्यावर आपला राजा 'प्रिये, आम्हांस सत्वर निघावे लागेल' असं म्हणाला की घराघरांत हशा पिकायला लागला. आपले राजे खरं कसे बोलत, असं लोक विचारू लागले. उत्तर देणारी माणसं महाराष्ट्रात मोजून पाच होती. त्यांतली एक मी.

मालिकेचं नाव 'धमसिरी'. भोगवर्धन नगरीतली एक काल्पनिक राणी आणि तिनं एकटीनं लढवलेला वेढा, अशी कथा. भोगवर्धन म्हणजे आजचं भोकरदन, माझ्या गावापासून चौदा किलोमीटर. दिग्दर्शक अनुप गद्रे, पस्तिशीतला, चटकन उत्साहात येणारा मुलगा. तो म्हणाला, "मॅडम, मला राणी खरी हवी. लोकांना कळली नाही तरी चालेल, पण खरी हवी." त्यासाठी त्यानं 'अनुनाद' नावाचं यंत्र मागवलं.

अनुनाद काय करतं ते थोडक्यात सांगते. दगडावर अक्षरं असतात, आवाज नसतो. तरी दगड बरंच सांगतो. लेख कोरणारा पाथरवट फार शिकलेला नसे, कानाला जसं ऐकू येई तसं कोरायचा आणि चुकायचा. त्याच्या चुका म्हणजे त्या काळच्या उच्चारांची साक्ष. दुसरी साक्ष गाथांची. प्राकृत गाथा मात्रांवर चालते, म्हणून कुठला स्वर लांब आणि कुठला आखूड हे मोजता येतं. या दोन साक्षींवरून शब्दांचे उच्चार बसवणं आम्हाला आधीही जमत होतं. पण ते शब्द नटीच्या तोंडी दिले की स्टेशनवरच्या घोषणेसारखे वाटायचे, कारण त्यांना हेल नव्हता. वाक्य कुठे चढतं, कुठे उतरतं, रागात कुठला शब्द ताणला जातो, हे कुठल्याच दगडावर कोरलेलं नाही.

अनुनाद हेल शोधायचं. त्यामागची कल्पना साधी आहे. पोटातल्या बाळापर्यंत आईचे शब्द नीट पोचत नाहीत, पण आवाजाचा चढउतार पोचतो. नुकतं जन्मलेलं मूल रडतं तेसुद्धा आईच्या बोलीच्या चढउतारात, हे शास्त्रज्ञांनी पूर्वीच मोजून ठेवलं आहे. म्हणजे माणसाला हेल शब्दांच्या आधी मिळतो. अनुनाद बनवणाऱ्यांचं म्हणणं असं की म्हणूनच तो शब्दांपेक्षा सावकाश बदलतो. राज्यं गेली, फारसी आली, इंग्रजी आली, व्याकरण झिजलं, तरी आईकडून लेकराकडे हेल जातच राहिला. अनुनादला महाराष्ट्रभरातल्या चारशे बारा बायकांचं रोजचं बोलणं ऐकवायचं. गाव न सोडलेल्या, शाळा फारशी न पाहिलेल्या बायका. यंत्र त्यांतला एकेक हेल जुन्या गाथांवर बसवून पाहणार आणि ज्यानं मात्रांना कमीत कमी धक्का लागतो तो निवडणार. पुढे नटीनं आपल्या गळ्यानं बोलायचं आणि यंत्रानं तिच्या बोलण्यावर तो हेल चढवायचा.

चारशे बारांपैकी दोनशे सतरा क्रमांकाची बाई म्हणजे माझी आई.

तिच्या पदराला मी शर्टाच्या गुंडीएवढा माइक लावला आणि तो महिनाभर काढायचा नाही म्हणून सांगितलं. आईनं पहिल्या दिवशी विचारलं, "आंगोळीला बी नाही?" मी म्हटलं, आंघोळीला काढ. दुसऱ्या दिवशी ती त्या माइकलाच सांगत होती, "ऐक रे बापा, आता म्या शेळीला शिव्या देनार हाये, तुला नाही." कासाराशी घासाघीस, सुनेवर करवादणं, मेलेल्या बहिणीची आठवण काढून रडणं, माझा भाऊ भागवत उशिरा आला की त्याची हजेरी घेणं, सगळं त्यात उतरलं. मी पुण्यात बसून ते ऐकत होते. छान वाटत होतं, हेही खरं आहे.

ऑगस्टमध्ये निकाल आला. पहिला क्रमांक दोनशे सतराचा. नुसता पहिला नाही. दुसऱ्या क्रमांकाची बाई कितीतरी मागे होती. त्या भरात मी आईला फोन लावला.

"आई, राणी तुझ्यासारखी बोलणार आहे."

"कोन्ती रानी?"

"टीव्हीवरची. आपल्या भोकरदनची राणी. दोन हजार वर्षांपूर्वीची. ती बोलायची ना, ते तुझ्यासारखं होतं. यंत्रानं सांगितलंय."

आईनं आधी घरातल्या सगळ्यांना गप्प केलं. मग म्हणाली, "उजे, थट्टा तं नाही करू राह्यली?"

"नाही गं. देवाशप्पथ."

संध्याकाळपर्यंत गावाला कळलं होतं. भागवतनं फोन करून सांगितलं, की माय पिठाच्या गिरणीवर सगळ्यांना सांगत सुटली, 'रानी मह्यावानी बोलत होती.'

इथे माझी एक जुनी गोष्ट सांगायला हवी. मी पुण्यात शिकायला आले तेव्हा पहिल्याच महिन्यात वर्गात उभी राहून निबंध वाचला. निबंध चांगला होता. दुसऱ्या ओळीपासून मागच्या बाकांवर खसखस सुरू झाली, आणि बाईंनीही ओठ चावले. त्यानंतर सहा महिने मी होस्टेलच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे बसून रेडिओवरच्या बातम्या ऐकायची आणि निवेदिकेच्या मागोमाग म्हणायची. न आणि ण सुधारणं सोपं होतं. हेल जायला वेळ लागला. पण गेला. दिवाळीला घरी गेले तेव्हा 'माय'ची 'आई' झाली होती. आई म्हणाली, "किती ग्वाड बोलू राह्यली मही लेक." तिला अभिमान वाटला होता. मलाही.

तर, सप्टेंबरात पुण्याच्या स्टुडिओत चाचणीचा कार्यक्रम झाला. अनुप, चॅनेलचे दोघं आणि सल्लागार म्हणून आमचे धारप सर. सरांच्या हाताखाली मी पीएच.डी. केली. संस्कृतचे गाढे अभ्यासक, स्वभावानं सज्जन, आवाजही कधी न चढवणारे. पडद्यावर राणी धमसिरी सिंहासनावरून उठली आणि सेनापतीला फैलावर घेऊ लागली. शब्द दोन हजार वर्षांपूर्वीचे होते. हेल मात्र माझ्या आईचा होता, भागवत उशिरा आल्यावरचा. मी खुर्चीत पुढे सरकले.

सर किंचित हसले आणि म्हणाले, "राणी आठवडी बाजाराला निघाल्यासारखी वाटत्ये." चॅनेलचे दोघं मोठ्यानं हसले. सरांनी माझ्याकडे वळून सहज विचारलं, "हा हेल कुठला म्हणायचा, उज्ज्वला?"

'माझ्या आईचा, सर.' तीन शब्दांचं उत्तर होतं. मी सत्तेचाळीस वर्षांची होते, विभागप्रमुख होते, तिथे माझ्यावर कुणाचीही सत्ता नव्हती. आणि मी म्हणाले, "तपासायला हवं, सर. नमुना दूषित असावा."

अनुप म्हणाला, "पण मला आवडली. दम आहे हिच्यात."

"अनुप, हे आवडण्याचं काम नाही," मी म्हटलं. तो ओशाळून गप्प बसला.

मला कुणीही सांगितलं नव्हतं, हे पुन्हा सांगते. विभागातल्या माझ्या खोलीत गेल्यावर मी अनुनाद उघडलं आणि अर्ध्या तासात अदलाबदल करून टाकली. राणीला दुसरा हेल हवा होता आणि त्यासाठी पुष्कळ तासांचं ध्वनिमुद्रण हवं होतं. यादीतला कुठलाही हेल गावाकडचाच निघाला असता; शहरी म्हणून हाताशी होती ती माझी स्वतःची व्याख्यानं, दहा वर्षांची. ती मी राणीला दिली. दोनशे सतरा क्रमांक सरळ काढून टाकला असता तर चारशे बाराचे चारशे अकरा का झाले, असं कुणीतरी विचारलं असतं. म्हणून तो मी मंखीला दिला. मंखी म्हणजे मालिकेतली दारू विकणारी बाई. झिंगून चिखलात पडते, लोकांना हसवते आणि शेवटी दोन घागरी मद्यासाठी वेशीचा दरवाजा शत्रूला उघडून देते.

अहवालात मी लिहिलं की जुन्या संस्कृत नाटकांतही पात्राच्या दर्जाप्रमाणे भाषा बदलते, राजा संस्कृत बोलतो, नोकरचाकर प्राकृत, त्यामुळे हलक्या पात्राला ग्रामीण हेल देणं परंपरेला धरूनच आहे. त्या नाटकांत राण्याही प्राकृतच बोलतात, हे मी लिहिलं नाही. सरांना ते पाठ होतं, पण त्यांनी माझ्यावर विश्वासून सही केली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण मी शाळेत असताना वाक्यात उपयोग करून दाखवली होती. पाचपैकी पाच मार्क मिळाले होते.

आईला मी काही कळवलं नाही. मनात म्हटलं, भाषा परकी, गळा नटीचा, तिला काय ओळखू येणार आहे! हेल कुठल्याही भाषेतून ओळखू येतो यावरच अख्खं यंत्र उभं होतं, आणि मी त्या यंत्राची तज्ज्ञ होते.

पहिला भाग जानेवारीतल्या एका रविवारी संध्याकाळी सात वाजता दाखवायचा होता. गावानं शाळेच्या हॉलमध्ये मोठा पडदा लावला आणि मला सत्काराला बोलावलं. यायला जमणार नाही, असं मी दोनदा सांगितलं. भागवत म्हणाला, "ताई, तू नाही आली तं मायचं तोंड पाहवनार नाही. ती बाजारातून साडी घिऊन आली." मी गेले.

दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. आई साडीची घडी मोडून पुन्हा घालत होती. मोरपंखी रंग, काठ बारीक.

"रानीला शोभन का गं हा रंग?"

"छान आहे."

"मला कसं वळखू येईल, ती मह्यावानी बोलती म्हून?"

तेव्हा सांगता आलं असतं. मी तोंड उघडलंही होतं. मग भावजय चहा घेऊन आली आणि मी चहाबद्दल बोलले. ती आत गेल्यावर पुन्हा दहा मिनिटं मिळाली, तीही मी मोबाइलमध्ये डोकं घालून घालवली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात भर दुपारी पडलं होतं. आईनं दोन्ही वेळा माझ्या तोंडाकडे पाहिलं, प्रवासानं दमली असं समजली आणि उशी आणून दिली.

शाळेचा हॉल गच्च भरला होता. मला शाल, नारळ, हार. सरपंच म्हणाले, "आपल्या कडूआक्काचा आवाज आज जगभर जानार." आई पहिल्या रांगेत खुर्चीवर मांडी घालून बसली होती. मी तिच्या शेजारी.

मंखी पाचव्या मिनिटाला आली. कमरेवर घागर, झोकांड्या खात, रस्त्यातल्या गाढवाला शिव्या देत. हॉल हसला, प्रसंगच हसण्याजोगा होता. ती दोन वाक्यं बोलली असेल नसेल, मागून एका लहान मुलीचा आवाज आला, "आये, ही तं कडूआजी!"

त्यावर जो हशा उसळला तो पहिल्यापेक्षा मोठा होता. तो दुष्टपणाचा नव्हता, हे सांगायला हवं. घरचं माणूस फोटोत वेडंवाकडं आलं की आपण हसतो, तसे ते हसत होते. मंखी चिखलात पडली. पोरं ओरडली, "उठ, आजी, उठ!" एक शब्द कुणाला कळत नव्हता, खालच्या अक्षरांकडे कुणी पाहतही नव्हतं, आणि चारशे माणसांना ती कोण आहे ते नेमकं कळत होतं.

आईसुद्धा हसत होती. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "लय झ्याक काम केलं बाप्पा त्या नटीनं." मी नारळ मांडीवर घट्ट धरून बसले होते आणि मान वर करत नव्हते.

मग राणी आली. मोरपंखी नव्हे, शुभ्र वस्त्रात. सिंहासनावरून उठली, सेनापतीला बोलू लागली. वाक्यं सरळ, धुतलेली, एकही जास्त चढत नाही की पडत नाही. हॉल शांत झाला. आई पुढे वाकून ऐकत होती. तिनं राणीचं पहिलं वाक्य ऐकलं, दुसरं ऐकलं. मग ती माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला नुसतं कळलं होतं.

"अन् ही तं तू हायेस," ती म्हणाली.

तिच्या बोलीतलं ते तिचं माझ्याशी शेवटचं वाक्य.

सकाळी मी उठले तेव्हा ती चुलीपाशी होती. मला पाहून म्हणाली, "चहा ठेवला आहे. साखर किती घालू?"

मला वाटलं, गंमत करतेय. पण ती गंमत करत नव्हती. एकेक शब्द जपून, काचेच्या बांगड्या हातात घालाव्यात तसा, ती उच्चारत होती. पंचवीस वर्षं ती फोनवर माझं बोलणं ऐकत आली होती. त्यातलं किती उचललं होतं तिनं! मी म्हटलं, "आई, अशी का बोलतेस?" ती म्हणाली, "तुला नीट समजावं म्हणून." आणि बसस्टँडवर निघताना दरवर्षी ती जी पाठीवर थाप मारायची, तिच्याऐवजी तिनं मला नमस्कार केला.

पुढचे दहा महिने फोनवर हेच. 'प्रकृती चांगली आहे.' 'पाऊस समाधानकारक आहे.' दोन मिनिटांत बोलणं संपायचं. मी माफी मागितली तीही फोनवर, घाईघाईत. ती म्हणाली, "त्यात काय एवढं? तुझं काम आहे ते." 

'धमसिरी' तुफान चालली. राणीचं बोलणं लोकांना इतकं भावलं की लग्नपत्रिकांवर प्राकृत ओळी येऊ लागल्या, आणि माझ्या वर्गात मुलांना बसायला जागा पुरेना. मंखीही चालली. तिच्या हेलात बोलून दाखवणं हा कट्ट्याकट्ट्यावरचा खेळ झाला. वर्गात आमच्याच भागातली, परतूरकडची एक मुलगी होती, सविता घुगे. हुशार, पहिल्या बाकावर बसून न घाबरता प्रश्न विचारणारी. ऑगस्टमध्ये एकदा ती प्रश्न विचारायला उठली आणि मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "बोल मंखे." वर्ग हसला. सविता खाली बसली. मी फळ्याकडे वळले आणि शिकवत राहिले.

पुढे तीन आठवडे तिनं प्रश्न विचारला नाही. चौथ्या आठवड्यात विचारला. उच्चार स्वच्छ, वाक्य सपाट, न आणि ण आपापल्या जागी. कुठल्या गच्चीवर बसून तिनं ते घोटलं असेल, हे तिनं मला सांगायची गरज नव्हती. मी तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं, तास संपवला, खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि रडले. रडून झाल्यावर पत्र लिहायला घेतलं.

पत्र चॅनेलला, मालिकेच्या सल्लागार समितीला आणि विद्यापीठाला होतं. 'नमुना क्रमांक २१७ मध्ये कुठलाही दोष नव्हता. तो माझ्या आईचा आवाज आहे. यंत्रानं तो राणीसाठी निवडला होता. बदल मी केला, त्यासाठी खोटं कारण दिलं, आणि मला तसं करायला कुणीही सांगितलं नव्हतं.' चौकशी लागली. विभागप्रमुखपद गेलं. वर्तमानपत्रांनी चार दिवस माझा फोटो छापला. हे सगळं सोसवलं. सोसवले नाहीत ते दोन फोन.

धारप सर म्हणाले, "अगं, मी सहज बोलून गेलो. म्हातारपणी जीभ सैल होते. तू तेव्हाच सांगितलं असतंस, तर मी पुन्हा एकदा नीट ऐकलं असतं. माझ्याविषयी तुला एवढाही विश्वास वाटला नाही?"

आणि अनुप म्हणाला, "मॅडम, मला आधीचीच राणी आवडली होती. तुम्ही तज्ज्ञ म्हणून मी गप्प बसलो."

पण अनुपनं एक केलं. पुढच्या पर्वात राणीला तिचा खरा हेल परत द्यायचा, आधीचे भागही दुरुस्त करायचे, असं त्यानं चॅनेलकडून कबूल करून घेतलं. यंत्राला ते दुपारभराचं काम होतं. अडचण कायद्याची होती. आवाजाच्या कायद्याप्रमाणे कुणाचा हेल कुठल्या पात्राला द्यायचा, यासाठी त्या माणसाची लेखी संमती लागते. आईनं संमती दिली होती ती राणीसाठी. मंखीसाठी तिला कुणी विचारलंच नव्हतं. अदलाबदलीमुळे ती पहिली संमतीही बाद ठरली होती, आता नवा फॉर्म भरून आणायचा होता. मी म्हटलं, मी जाते.

दिवाळी होऊन गेली होती. गल्लीत शिरले तेव्हाच आईचा आवाज ऐकू आला. ती शेजारणीशी भांडत होती, किंवा गप्पा मारत होती. आमच्याकडे लांबून फरक कळत नाही. "काहून नाही येनार? म्या सांगती तुला, पोट्टं येनार, पन त्याची बायकू त्याला येऊ देनार नाही!" वाक्य चढलं, वळणावर थांबलं आणि धपकन खाली आलं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. दहा महिने मला वाटत होतं की माझ्यामुळे तिची बोली गेली. ती कुठेच गेली नव्हती.

मी दारात गेले. शेजारीण म्हणाली, "आली गं तुही लेक." आईनं माझ्याकडे पाहिलं आणि उठली.

"या. बसा. पाणी आणते."

या. बसा. मी कधीकाळी पशुगणनेला आलेल्या बाईंशी तिला असं बोलताना ऐकलं होतं.

शेजारीण गेल्यावर मी फॉर्म काढला आणि सगळं सांगितलं. या वेळी काही सोडलं नाही. सर हसले ते, मी 'दूषित' म्हणाले ते, अर्धा तास बसून अदलाबदल केली ते, आणि सत्काराच्या दुपारी दोनदा तोंड उघडून मिटलं ते. आई ऐकत होती. तिनं चष्मा लावून फॉर्म वाचला. चौथीपर्यंत शिकलेली आहे ती, बोट ठेवून वाचते.

"राणीला माझं बोलणं देणार," ती म्हणाली.

"हो."

"आणि मंखीला?"

"तिला दुसरा हेल देतील. यादीतला."

"म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी आईचा."

 तिनं बोट पुन्हा कागदाच्या पहिल्या ओळीवर नेलं. मग तितक्याच जपून म्हणाली, "मंखीचं राहू द्या. राणीलाही द्या. दोघी एकाच गावच्या आहेत ना? मग एकसारख्याच बोलत असतील."

एवढी साधी गोष्ट मला, धारप सरांना, कुणालाच सुचली नव्हती. मी म्हटलं, "तुला मंखीची लाज नाही वाटली?"

"नाही," आई म्हणाली. "दारू विकून पोट भरते बिचारी. तिची कशाला वाटेल? मला तुझी वाटली. हॉलमध्ये तू मान वर केली नाहीस."

मला ते सहन झालं नाही. मी खुर्चीवरून उतरून तिच्यासमोर जमिनीवर बसले, तिचे पाय धरले आणि तीस वर्षांत तोंडून न निघालेली भाषा बोलायला लागले.

"माय, महं चुकलं गं माय. मला शिव्या देय, थोबाडीत मार, पन आशी नको बोलू मह्याशी. म्या तुही लेक हाये. मला 'उजे' म्हन."

शब्द सगळे बरोबर होते. पण ते कानावर पडले आणि मलाच कळलं. सूर चढायचा तिथे जरा जास्त चढला होता, पडायचा तिथे जरा उशिरा पडला होता. कट्ट्यावरच्या पोरांनी काढून दाखवावी तशी मी माझ्या आईसमोर बसून तिची बोली काढून दाखवत होते. खरी मला आता येतच नव्हती.

आईनं माझे हात हळूच पायांवरून काढले. तिचा चेहरा शाळेच्या हॉलमध्येही इतका पडलेला मी पाहिला नव्हता.

"नको," ती म्हणाली. "तशी बोलू नकोस. चेष्टा केल्यासारखं वाटतं."

मग तिनं फॉर्म पुढे ओढला, चष्मा नीट केला आणि सही कुठे करायची ते मला विचारलं.